असल्फ्याच्या चढावर बुडालेला पेपर

मरोळला आम्ही राहायचो त्या इमारतीत चारचाकी असलेला मी एकटाच होतो. गाडी सेकंडहँड, फिकट निळी. सकाळी बोनेट उघडून पाणी घालताना वरच्या गॅलरीतून कोणी बघतंय ना, हे मी चोरून बघायचो.

बायको त्या गाडीत क्वचितच बसायची. दोन मुलं झाल्यावर तिनं बी.एड.ला नाव घातलं होतं. कॉलेज घाटकोपरला. नाक्यावरून दर पाच-सात मिनिटांनी बस होती. "एक गेली तर मागून दुसरी येतेच," म्हणत ती पिशवी उचलायची आणि वेळेच्या आधी पोचायची. माझं ऑफिस अंधेरीतच, तरी गाडी सुरू करण्यात आणि तिथे गेल्यावर ती उभी करायला जागा शोधण्यात अर्धा तास जायचा. बसने येणारे माझ्याआधी चहा पिऊन मोकळे झालेले असायचे. तरीही बसवाल्यांना हसायचो मीच.

तिचा शेवटचा पेपर होता. पास झाली की जूनपासून ये, असं एका शाळेनं तिला सांगून ठेवलं होतं.

"आज मी सोडतो तुला," मी म्हणालो.

"नको हो. बसची सवय आहे मला."

"नवऱ्याकडे गाडी असताना परीक्षेला बसने जाणार? बरं दिसतं का ते?"

बरं दिसण्याचीच काळजी होती मला. साडेनऊलाच ती तयार होऊन खाली उभी होती. गाडी सुरू व्हायला दहा वाजून वीस मिनिटं झाली. पेपर अकराचा. साकीनाका कसाबसा मागे पडला आणि असल्फ्याच्या चढावर बोनेटमधून वाफ यायला लागली.

"मी बस पकडू का?" तिनं हळूच विचारलं. स्टॉप समोरच दिसत होता.

"पाच मिनिटं थांब. थंड झाली की निघू."

एक बस गेली. मग दुसरी. ती दार उघडायला लागली तसा मी ओरडलो, "थांब म्हटलं ना एकदा!" रस्त्यावरची दोन माणसं वळून बघायला लागली. तिनं दार लावून घेतलं. मांडीवर पॅड, त्याला लावलेली दोन पेनं. गाडी सुरू झाली, वीस पावलं गेली, पुन्हा बंद पडली. त्यात आणखी तीन बस निघून गेल्या. ती प्रत्येक बसकडे बघत होती, माझ्याकडे नाही.

सव्वाअकराला ती न विचारता उतरली आणि धावत सुटली. बस स्टॉपवरून हलली होती, पण कंडक्टरनं घंटा मारून थांबवली, हात देऊन तिला वर घेतलं. मी पाण्याचा कॅन हातात धरून रस्त्याकडेला उभा होतो.

अर्ध्या तासानंतर आत घेत नसत. ती पोचली तेव्हा पाचच मिनिटं वर झाली होती.

संध्याकाळी सासरे मुलुंडहून पेपर कसा गेला ते विचारायला आले. हेडमास्तर म्हणून रिटायर झालेले. ती तोंड उघडायच्या आत मीच बोललो, "काय सांगू बाबा, निघायलाच उशीर झाला. मुलांचं, डब्यांचं आवरता आवरता..."

सासरे तिच्याकडे वळले. "दोन मुलांची आई झालीस, पण वेळेचं भान नाही!"

तिनं एकदाच माझ्याकडे बघितलं. "चहा टाकते," म्हणाली आणि आत गेली.

माझी आई कोपऱ्यात तांदूळ निवडत बसली होती. साडेनऊला सुनेला खाली उभं असलेलं तिनं बघितलं होतं. सासरे घरी परतल्यावर तिनं मला तिच्या मालवणीत एवढंच विचारलं, "असा कित्याक बोललंस रे?"

मी गाडीची किल्ली खिळ्याला अडकवली.

ती नोकरी दुसऱ्या कोणाला मिळाली. ऑक्टोबरात बायकोनं पुन्हा पेपर दिला, बसने जाऊन, आणि पास झाली. नोकरी लागायला मात्र त्यापुढे दोन वर्षं गेली. गाडी मी मधेच कधीतरी विकून टाकली.

पेपर बुडाला त्याच वर्षी एका रविवारी मी बसने मुलुंडला गेलो होतो, खरं सांगून टाकायचं असं ठरवून. सासऱ्यांनीच विषय काढला. "जावईबापू, त्या दिवशी तुम्ही नक्की किती वाजता निघालात हो?"

"उशीरच झाला, दुसरं काय," मी म्हणालो.

त्यांनी मान हलवली. पुन्हा कधी विचारलं नाही. मला स्टॉपपर्यंत सोडायला आले, नेहमीसारखे.

पुढे सासरे वारले, दिवसकार्यं उरकली. तेव्हा एका दुपारी मी बायकोला म्हणालो, "बाबांना खरं सांगायला हवं होतं मी. राहूनच गेलं."

ती त्यांच्या शर्टांच्या घड्या घालत होती. "मी सांगितलं होतं त्यांना. त्याच आठवड्यात."

"मग त्यांनी मला वेळ का विचारली?"

"तुम्ही सांगता का, ते बघत होते," ती म्हणाली आणि पुढचा शर्ट हातात घेतला.