पान उलटणारा हात

भावजींच्या कार्यक्रमाच्या काळ्या कोटाची एक बाही इस्त्री करून झाली होती. दुसरीला पाण्याचा हात लावून टेबलावर पसरली, तेवढ्यात भावजी आले. व्हायोलिनची पेटी दाराशीच ठेवून म्हणाले, "वहिनी, राहू द्या. कोट आता लागणार नाही."

मी इस्त्रीचं बटण बंद केलं. देवा, तुझ्याकडे एवढंच मागितलं होतं.

भावजी म्हणजे माझे धाकटे दीर. लग्न केलं नाही. विषय काढला की म्हणायचे, "एक खांद्यावर चढून बसलीय, दुसरीला कुठे बसवू?" लहानपणी त्यांच्या गुरुजींनी सासूबाईंना सांगितलं होतं, हा मुलगा एकटा मंचावर उभा राहून वाजवील. पण मोठ्या वाद्यवृंदात जागा मिळाली ती मागच्या रांगेत, आतल्या बाजूची. तिथे दोघांत स्वरलिपीच्या कागदांचा एक स्टँड असतो. बाहेरच्या बाजूचा वाजवत राहतो. पान संपत आलं की आतल्याने वाजवणं सोडायचं, पान उलटायचं आणि तोवर सगळे जिथे पोचले असतील तिथे त्यांना गाठायचं. केस काळ्याचे पांढरे झाले तरी भावजी हेच करत राहिले. त्यांचे थोरले भाऊ, म्हणजे आमचे हे, त्यांना 'पानउलट्या' म्हणायचे. "तुला पगार वाजवायचा देतात की वारा घालायचा?" भावजीही हसायचे.

घरी सराव करतानाही ठरावीक जागी त्यांचा आवाज बंद पडायचा. भाजी चिरता चिरता ऐकताना मला वाटायचं, चालच तशी आहे. एकदा तीच चाल रेडिओवर लागली आणि त्या जागी थांबलीच नाही. उलट तिथेच अशी वर चढली की माझी सुरी हातात राहिली. संध्याकाळी मी म्हटलं, "भावजी, ती चाल थांबत नाही हो."

"ती कुठे थांबते, वहिनी? मी थांबतो."

यंदा त्यांच्या शेजारचे वादक निवृत्त झाले. नव्या संचालकांनी फर्मान काढलं, सगळ्यांची परीक्षा पुन्हा. उतरेल त्याला जागा, नाही उतरणार त्याने घरी बसायचं. भावजी दार लावून तासन्‌तास वाजवत बसले आणि मधलं ते भगदाड त्यांनी खरोखर बुजवलं. स्वयंपाकघरात उभी राहून मी अख्खी चाल ऐकली, आणि ओल्या हातांनीच हात जोडले.

परीक्षा पडद्याआड असते. पलीकडच्यांना माणूस ओळखू येऊ नये म्हणून वादकाने तोंडातून शब्द काढायचा नाही.

"मग बिघडलं कुठे?" पेपर बाजूला ठेवून ह्यांनी विचारलं.

"सुरुवात मनासारखी झाली, दादा. पानाच्या तळाशी आलो आणि हात आपोआप गेला. कागद शेजारी शेजारी मांडलेले होते, उलटायला काही नव्हतंच. तरी गेला."

"अरे, मग लगेच तिथून धरायचं!"

"धरलं ना. पण दोन ओळी पुढून. बाकीचे वाजवतच असतात ना, दादा. कुणीतरी वाजवतच असतं."

"मग सांगायचंस तसं!"

"बोलायचं नसतं. पलीकडे कुणीतरी पेन्सिल खाली ठेवली, तेवढं ऐकू आलं."

ह्यांनी उठून पेटी दारातून उचलून आत नेऊन ठेवली. मी आपलं नेहमीचं म्हटलं, "देव बघतो सगळं, भावजी."

"देव पडद्याच्या कुठल्या बाजूला बसतो, वहिनी?"

रोज प्रार्थनेला बसते, आज बसले तर शब्दच जुळेनात. तो प्रश्न तेवढा समोर येऊन बसला. भावजी जेवले नाहीत. खोलीतून व्हायोलिनचा आवाजही नाही.

कोट तसाच टांगलाय, एक बाही सरळ आणि एक चुरगळलेली. उद्या सकाळी भावजींना सभागृहात जाऊन आपलं कपाट रिकामं करायचंय आणि त्याची किल्ली कार्यालयात देऊन यायचीय.