विवाह शांततेत पार पडला

माझ्या लग्नात एकच अडचण आली : लग्न लागल्यावर मला माझ्याच घरात घेईनात.

साठ-एकसष्टचा वैशाख होता. लग्न उमरखेडला लागलं आणि दुसऱ्या दिवशी भर दुपारी वऱ्हाडाची मोटार वणीला आमच्या घरासमोर उभी राहिली. पुढे मी, शेजारी नवी नवरी मालती, तिच्यामागे पाठराखीण म्हणून आलेली तिची मावशी आणि मावशीमागे अर्धी गल्ली. उंबरठ्यावर तांदळाचं माप ठेवलेलं. मापापलीकडे माझी थोरली बहीण यमूताई, दोन्ही हात चौकटीला लावून.

नवऱ्यानं उखाण्यात बायकोचं नाव घ्यायचं, मगच बहीण दार सोडते. आमच्या गल्लीत हा कार्यक्रम चटकन उरकत असे, कारण सगळे नवरदेव तेच चार पाठ उखाणे म्हणत. माझ्यासाठी मात्र यमूताईनं नियम बदलला.

"तू लिहिनारा हायेस, बापू. उसना उखाना चालनार नाही. तुह्या मनातलं पाह्यजे."

मी तेव्हा नागपूरच्या एका दैनिकाचा वणीचा वार्ताहर होतो. कापसाचे भाव असोत की विहिरीत पडलेला बैल, मी त्याच थंडपणे लिहीत असे. उमेदवारीच्या काळात वृत्तसंपादकांनी माझ्या मजकुरातला 'मी' लाल पेन्सिलीनं टिपून टिपून मारला होता. (पुढे मी आईला 'भूक लागल्याचे वृत्त आहे' असं सांगू लागलो, असा घरच्यांचा आरोप आहे. तो अतिरंजित आहे.)

मी घसा साफ केला आणि सुरू केलं, "उमरखेड येथे काल एका वार्ताहराचा विवाह शांततेत पार पडला. वधूचे नाव मालती असल्याचे कळते."

यमूताईनं शांतपणे विचारलं, "शांततेत? म्हंजे दंगा होनार होता काय?"

लोक हसले. वडिलांनी मागून एक जुना उखाणा कुजबुजत पुरवला. यमूताईनं तो ऐकला आणि बाद केला. घरात आईनं औक्षणाच्या ताटातलं निरांजन तिसऱ्यांदा पेटवलं. दारासमोरची फरशी उन्हानं तव्यासारखी तापली होती, आणि वहाणा बाहेर काढून उभी राहिलेली मालती कधी या पायावर, कधी त्या पायावर भार देत होती. ते मी पाहिलं, नोंदलं आणि सवयीनं बाजूला ठेवलं. मला उखाणा सुधारायचा होता! यमूताईला मनातलं हवं होतं. तेव्हा वधूच्या रूपाबद्दल एखादं वाक्य असावं, पण ते तोलून मापून.

"वधू सुस्वरूप असल्याचे जाणकारांचे मत आहे," मी म्हणालो, "मात्र या वृत्तास अद्याप दुजोरा मिळालेला नाही."

या वेळी कोणी हसलं नाही.

मावशी पुढे आली. तिनं आधी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. मग मालतीचा हात धरला आणि मोटारवाल्याला सांगितलं, की ट्रंक उतरवली असशील तर परत चढव. मोटारवाला खरंच टपावर चढू लागला. यजमानांत पळापळ झाली. वडील मावशीसमोर हात जोडू लागले, यमूताईचे हात चौकटीवरून आपोआप गळाले, आणि गल्लीतला प्रत्येक माणूस मला वेगवेगळा उखाणा सांगू लागला.

मावशीनं सगळ्यांना थांबवलं. "उखाना राहू द्या. आमच्या पोरीले पाहून ह्या मानसाले काय वाटलं, तेवढं एक सांगू द्या. नाही तं आमी चाललो."

मालतीनं पहिल्यांदाच मान वर करून माझ्याकडे पाहिलं. डोळ्यांत पाणी होतं. पायांमुळे की माझ्यामुळे, याची चौकशी करायला वेळ नव्हता. मी तोंड उघडलं, आणि कुठल्याच संपादकाला न विचारता जे आलं ते साधारण असं होतं :

"तुले पाह्यलं तवापासून मले एक ओळ धड लिहिता नाही आली, मालती! तुहे पाय पोळून राह्यले, अन् मी येड्यावानी मजकूर जुळवून राह्यलो. चाल घरात!"

यमक नव्हतं. विराम कुठे होता तेही ठाऊक नाही. पण यमूताई बाजूला झाली, मावशीनं "असं बोला की जावईबापू" म्हणत मालतीचा हात सोडला, आणि मालतीनं माप असं उडवलं की तांदूळ थेट देवघरापर्यंत गेले.

माझं वाक्य आठवडाभर गल्लीत फिरलं. मारेगावचे पाहुणेही ते ऐकायला आले. प्रत्येक जण निराळं सांगे, हे माझ्यातल्या वार्ताहराला खपेना. मी अधिकृत मजकूर लिहायला बसलो. भाषा शुद्ध केली, भावना आवरली, दोन विशेषणं काढून एक भारदस्त घातलं आणि कागद मालतीपुढे ठेवला. ती डाळ निवडत होती. तिनं तो मन लावून दोनदा वाचला.

"चांगलं लिवलं हाये," ती म्हणाली. "पन हे कोनाच्या बायकोबद्दल हाये हो?"

मी घाईनं मूळ वाक्य आठवू लागलो. ते शब्दशः कोणालाच सांगता येईना. त्या प्रसंगी गावातला एकुलता एक वार्ताहर टिपून घ्यायचं सोडून दारात उभा राहून बोलत होता.