डोलीतला घोडा

वाचनालयातल्या मित्रहो, महाडच्या कोर्टातून थेट इथे आलो आणि हा कागद फळ्यावर लावतो आहे.

आपल्या सदूभाऊंचं ते झकास व्यंगचित्र तुम्ही पाहिलंच आहे. वेठीला धरलेली कुळं डोली वाहताहेत, डोलीत खोत आणि शेजारी त्यांचा घोडाही ऐटीत बसलेला. खोतांनी अब्रूनुकसानीची फिर्याद लावली.

आज मला साक्षीत विचारलं, "चित्रातले गृहस्थ कोण?"

"नक्की सांगता येत नाही," मी म्हणालो. सदूभाऊंचा तुरुंग टळावा, एवढंच मनात होतं.

मग पोलादपूरकडचं खोतांचंच कूळ, धोंडू, उभा राहिला. खोतांच्या वकिलांनी दरडावलं, "हे चित्र धडधडीत खोटं आहे ना रे?"

धोंडूने चित्र नीट न्याहाळलं. "घोडा डोलीत नव्हता, सायब. तो मोकळा चालत व्हता. बाकी समदा खरा हाय. फुडचा दांडा माज्याच खांद्यावर व्हता."

कोर्ट हसलं. खोत हसले नाहीत.

निकाल लागायचा आहे, पण सदूभाऊंना आधार मिळाला तो धोंडूच्या खरेपणाचा, माझ्या लबाडीचा नव्हे.

आता खोत त्याची जमीन काढून घेतील. तेव्हा मी त्याच्या बाजूने उभा राहून खरं सांगणार आहे. तुमच्यापैकी कोण येईल?