संग्रामची जागा

अमेरिकेतल्या शुगर लँडच्या इंदोरा इलेव्हनने आजवर एकही लीग खेळलेली नाही. साधे मैत्रीचे सामनेसुद्धा ते इतके हरलेत, की आसपासच्या टीम्स त्यांच्याशी खेळायला आनंदाने येतात. हा क्लब काढला धर्मराजने. नागपूरच्या इंदोऱ्यातून आलेला हा इंजिनिअर ऑफिसात पाइपलाइनचं प्रेशर बघायचा ते पोटासाठी. जीव सगळा फुटबॉलमध्ये. सोबत त्याच्याच वस्तीतला, त्याच्याच वर्गातला संग्राम होता. दोघांनी निळ्या जर्सी करून घेतल्या, हाताला लागतील ती माणसं गोळा केली आणि रविवारी ऊन तापायच्या आत पार्कातल्या मैदानावर खेळायला सुरुवात केली. पुढे धर्मराज, गोलमध्ये संग्राम. शाळेपासून असंच चालत आलेलं.

मग मंदी आली. संग्रामची नोकरी गेली, पाठोपाठ व्हिसाही गेला. विमानतळावर धर्मराज त्याला म्हणाला, "तुझी जागा राखून ठेवतो बे." माणसं असं बोलतात आणि घरी जाऊन विसरतात. हा पठ्ठ्या विसरला नाही, आणि क्लबची सगळी गोची तिथेच झाली.

तेव्हापासून इंदोरा इलेव्हनला कायमचा गोलकीपर नाही. पाळीपाळीने प्रत्येकाने थोडा वेळ गोलमध्ये उभं राहायचं, हा रिवाज. त्यात बॉल आला की डोळे गच्च मिटणारा एक दंतवैद्यही आला. मध्यंतरी कोल्हापूरचा एक पोरगा आला होता, कॉलेजच्या टीमचा कीपर, हात लांबच्या लांब. धर्मराजने त्याला लेफ्ट बॅकला खेळवलं. दिवाळीच्या आत तो दुसऱ्या क्लबात गेला.

"अहो, जागा धरून ठेवायला ती काय एसटी आहे?" धर्मराजची बायको शीला म्हणायची. धर्मराज हसून वेळ मारून नेई. तिला कसं सांगायचं? मित्र इथेही होते, चांगले होते. पण पायात बूट नसलेला, ओरडून ओरडून घसा बसलेला धर्म्या ज्याने पाहिला होता, असा माणूस या देशात एकच होता आणि तो परत गेला होता. संग्रामची त्याला आठवण यायची ती अशी, ऐन मॅचमध्ये, मागे वळून बघितल्यावर.

यंदा प्रसादने विषय काढला. हा पुण्याचा तरुण क्लबची सगळी धावपळ करायचा.

"काका, लीगमध्ये एंट्री मिळतेय. पण तिथे दर दहा मिनिटांनी कीपर चेंज केला तर लोक हसतील यार... सॉरी, काका. पण या वेळी नाही म्हणालात तर निम्मी पोरं सोडून जातील."

"संग्राम येतोय," धर्मराज म्हणाला. "त्याची पोरगी रोशनी इथे शिकते ना, तिचं ग्रॅज्युएशन आहे. एकदा त्याला उभं राहू दे. मग बघू."

रविवारी संग्राम मैदानावर आला. केस गेलेले, पोट सुटलेलं. धर्मराजने त्याला मिठी मारली आणि कीपरचे हातमोजे पुढे केले.

"हे काय बे?"

"तुझी जागा."

प्रसादने मोठ्या अभिमानाने सगळा रिवाज सांगितला. संग्राम आधी खो खो हसला. मग हसू थांबलं आणि तो गवतावर बसला.

"धर्म्या, मले गोलमध्ये कधीच उभं राहायचं नव्हतं. शाळेत तू म्हणाला, तू उंच आहे, तिथं राह्य. मी राह्यलो. मले पुढं खेळायचं होतं बे. एक गोल मारायचा होता."

"मग बोलला काऊन नाही?"

"तू विचारलं काऊन नाही?"

धर्मराजने हातमोजे स्वतःच चढवले. "प्रसाद, लीगवाल्यांना हो सांग. कीपर शोधू. आजच्यापुरता मी उभा राहतो. संग्राम, तू पुढे जा."

खेळ सुरू झाला आणि सगळेच्या सगळे त्याच्यापासून दूर पळाले. गोलमध्ये धर्मराज एकटा उरला. तिकडे आरडाओरडा, हसणं, धक्काबुक्की. इकडे नुसतं ऊन. त्याला सगळ्यांच्या पाठी दिसत होत्या, आणि त्यात धापा टाकत धावणारी संग्रामची पाठ. आपण इतकी वर्षं या माणसासाठी झुरत होतो. आणि हा तर आपल्यासोबत असतानाच, सगळं लहानपण, आपल्या पाठीकडे बघत असा उभा होता.

संग्रामने मारलेला बॉल गोलच्या भलताच वरून झाडीत गेला. पोरांनी तरीही टाळ्या वाजवल्या. संग्राम वळला आणि मैदानाच्या त्या टोकावरून त्याने धर्मराजकडे बघितलं. धर्मराजने दोन्ही हात वर केले. एवढ्या लांबून संग्राम हसतोय की नाही, ते काही त्याला दिसेना.