आत्याची घंटा

माझी आत्या सभागृहाची घंटा वाजवायची. शाळेत हे सांगितलं की पोरी फिदीफिदी हसायच्या, पण काम मोठं मानाचं होतं. आत सभासद कमी पडले की कामकाज अडायचं, आणि ते पुरेसे जमेपर्यंत आत्याने घंटेचा दोर ओढत राहायचं. मान मोठा, मजुरी मात्र किमान, तीही रोजंदारीवर. आजही कुठे पितळेला पॉलिश केल्याचा वास आला की मला तिच्या हातांची आठवण येते.

मला तिनेच वाढवलं. दिवसा घंटा आणि संध्याकाळी त्याच इमारतीतल्या कॅन्टीनमध्ये कपबश्या विसळणं, तेव्हा कुठे आमच्या दोघींचं भागायचं. मी शाळेतून येऊन तिची वाट बघता बघता झोपून जायची. किमान मजुरी वाढवायचा विषय सभागृहात येणार असं कळलं, तेव्हा ती म्हणाली, "एकदा का हे मंजूर झालं ना, की कपबश्यांना रामराम. संध्याकाळ आपली!" मी हुरळूनच गेले. तिने माझी वेणी घालायची, मी तिला कविता म्हणून दाखवायची, सगळं ठरवून टाकलं.

त्या दिवशी मला सुट्टी होती, म्हणून तिच्याबरोबर गेले. पहिला विषय सभासदांच्या स्वतःच्या पगारवाढीचा. आत्याने सवयीने दोराला हात घातला, तर दारावरचा शिपाई हसला. "राहू दे ताई. आज सगळे वेळेआधी हजर."

खरंच, आत मुंगीला शिरायला जागा नव्हती. एरवी एकमेकांचं तोंड न बघणारे गळ्यात गळे घालून बसले होते. बाकं बडवून वाढ मंजूर झाली, कुणी ब्र काढला नाही.

पुढचा विषय किमान मजुरीचा. झालं! आळोखेपिळोखे देत एकेक जण कॅन्टीनकडे निघाला. एकाने जाता जाता माझ्या डोक्यात टपली मारली. त्या टपलीचा राग माझ्या मनात अजून आहे.

आत्या दोर ओढू लागली. एवढा वेळ घंटा त्या इमारतीने कधी ऐकली नसेल. शेवटी सचिव कानांवर हात ठेवून आले.

"अहो बाई, पुरे आता!"

"आले का साहेब सगळे?"

"नाही. चहा चाललाय त्यांचा."

"मग पुरे कसं?"

ती ओढतच राहिली. तळहात सोलले, तरी राहिली. अखेर अध्यक्षांनी बैठक तहकूब केली, विषय पुढच्या अधिवेशनावर गेला, आणि तिला दोर सोडावा लागला.

तिथून ती तडक कॅन्टीनमध्ये गेली आणि बाह्या सारून त्यांच्याच कपबश्या विसळायला लागली. साबण हाताला झोंबत होता. मी कप पुसत मुसमुसत होते.

"रडतेस काय वेडे? पुढच्या वेळी येतील."

"आणि नाही आले तर?"

"तर पुन्हा वाजवू."

अधिवेशनं येत राहिली, जात राहिली. मधल्या काळात सभासदांचे पगार आणखी वाढले, आणि त्यासाठी घंटेची गरज कधीच पडली नाही. किमान मजुरीही वाढली एकदाची. आत्याने कॅन्टीन सोडलं. शेजारीण सांगते, त्या दिवशी ती उजेड असतानाच घरी आली आणि दारातूनच मला हाक मारली. मला परगावी नोकरी लागून तेव्हा वर्ष झालं होतं.