दहापैकी दोन

माझ्या नवऱ्याला हे ठाऊक नाही. मुलाला नाही. जिच्यापाशी मी घरातलं सगळं बोलते, त्या मैत्रिणीलाही नाही. तुम्हाला सांगतेय. का, ते मला तरी कुठे नीट कळलंय?

मी बालाघाटला खेळाची शिक्षिका आहे. कबड्डी शिकवते. जिल्ह्यातून ज्या मुली क्रीडा वसतिगृहात निवडल्या जातात, त्यांच्या निवड समितीवर मी कितीतरी वर्षं आहे. लोक मान देतात. लांजीच्या बसमध्ये चढले की कोणीतरी उठून जागा देतं, कारण त्याची बहीण नाहीतर भाची माझ्या हाताखालून गेलेली असते.

गेल्या महिन्यात नव्या प्रशिक्षकांच्या शिबिरात मला भाषणाला बोलावलं होतं. विषय असा की मुलं निवडताना प्रतिभा मोठी की ॲटिट्यूड? अर्धा तास बोलले. खेळ आम्ही शिकवू शकतो, म्हणाले, पण वृत्ती पोरीनं घरून आणावी लागते. तरुण पोरं-पोरी माझी वाक्यं वहीत उतरवून घेत होती. टाळ्या वाजल्या, आणि मला स्वतःच्या थोबाडीत मारावंसं वाटलं.

नाही. हे खोटं लिहिलं. तिथे तसं काही वाटलं नाही. तिथे मी हसले, फोटो काढून घेतले, जेवून आले. राग आला तो घरी, पायातल्या चपला काढताना. असा आला की दाराची चौकट धरून उभी राहिले. वृत्ती घरून आणावी लागते? कोणाच्या घरून? आणि हे कोण सांगतंय?

ॲटिट्यूड! आमच्या निवडीच्या फॉर्मवर हिंदीत 'दृष्टिकोण' असा रकाना असतो. प्रतिभेला पन्नास गुण, दृष्टिकोनाला दहा. पण चारच्या खाली गेलं की नाव बाद, मग प्रतिभेत पन्नासपैकी पन्नास असोत. चढाई मोजता येते. पकड दिसते. दम किती आहे ते शिट्टी आणि घड्याळ सांगतं. पण तो दहा गुणांचा रकाना भरताना आम्ही नेमकं काय पाहतो? पोरगी वाकते किती, हेच ना? मग तसं लिहा की फॉर्मवर! 'वाकणे — दहा गुण.' निदान पोरींना तयारी तरी करता येईल.

हा राग मी फॉर्मवर काढतेय, हे तुमच्या लक्षात आलं असेल. फॉर्मनं काही केलं नाही. रकाना कोरा होता. पेन माझ्या हातात होतं.

तिचं नाव करुणा. लांजीच्या पलीकडच्या गावची. वडील मिस्त्री, भिंती बांधायचे. बारा वर्षांपूर्वी ती निवड चाचणीला आली तेव्हा पंधरा वर्षांची होती. तीन दिवसांची चाचणी, सव्वीस मुली, जिल्ह्याला जागा दोन. पहिल्याच सकाळी तिनं चढाई केली आणि मी शिट्टी वाजवायची विसरले. काय सांगू? समोरच्या मुली अंगावर येईपर्यंत ती थांबायची, मग तिचा डावा पाय कुठून यायचा ते कळायचंच नाही, आणि श्वास न तोडता ती मध्यरेषेवर परत. इतक्या वर्षांत तशी पोरगी मी परत पाहिली नाही. प्रतिभेच्या रकान्यात मी तिला अठ्ठेचाळीस दिले. दोन गुण कशाचे कापले, आठवत नाही. सवयीनं कापले असतील.

दुसऱ्या दिवशी पाहुणे आले. समितीचे मुख्य साहेब, आणखी तिघे-चौघे. त्यांचं जेवण मैदानाच्या कडेला शामियान्यात. वाढायला, पाणी द्यायला आणि नंतर उष्टी ताटं उचलायला सहा मुली हव्या होत्या. मी यादी केली. शाळेच्या फळ्यावर खडूनं सहा नावं लिहिली.

चार आमच्या, म्हणजे बौद्ध घरच्या; करुणा त्यांतलीच. दोन बिरसा तालुक्यातल्या, जंगलातल्या पाड्यांवरच्या.

आमच्या, असं मी म्हणाले. मीही त्याच घरची. मी शाळेत खेळायचे तेव्हा मैदान झाडायचं, पाण्याची घागर भरायची, सरांची भांडी विसळायची ती मीच. तोंडातून शब्द काढायची नाही. सर म्हणायचे, ही पोरगी फार आज्ञाधारक आहे. त्या एका शब्दावर मी इथवर आले. मग मला कळायला नको होतं? फळ्यावर ती सहा नावं लिहिताना माझा हात थांबायला नको होता?

थांबला नाही. मी तीच नावं का निवडली तेही सांगते. अफसरांच्या, गिरणीवाल्यांच्या पोरींना ताटं उचलायला लावली असती तर संध्याकाळी घरून फोन आले असते. या सहांच्या घरून फोन येणार नव्हता. एवढंच.

करुणानं फळा वाचला. हात मागे बांधून माझ्यासमोर येऊन उभी राहिली. आवाज चढवला नाही, मान तिरकी केली नाही.

"मॅडम, एक विचारू का?"

"विचार."

"हे नावं काहून अशे निवडले? आमी काम कराले तयार आहो. पण सव्वीस जणी आहोत ना आमी. सगळ्यायनं केलं तं लवकर होईन."

बाकीच्या पोरी बघत होत्या. माझे कान तापले. मी म्हणाले, "तुला जे सांगितलं ते कर."

"हौ मॅडम," ती म्हणाली आणि गेली. तिनं पाणी दिलं, वाढलं, ताटं उचलली. सगळं केलं. मग हात धुऊन आली आणि दुपारच्या सामन्यात एका चढाईत चार जणींना बाद केलं. तुम्हीच सांगा, यात उर्मटपणा कुठे आहे? मुख्य साहेबांनी तिचं विचारणं ऐकलं होतं. ते रागावले नव्हते. हसून मला म्हणाले होते, "लड़की तेज़ है." त्यांच्या डोक्यातून ते पाच मिनिटांत गेलंही असेल.

माझ्या डोक्यातून गेलं नाही. मी पंधराव्या वर्षी जे विचारायला हवं होतं ते तिनं विचारलं. तेही मलाच. मी आयुष्यभर गप्प राहून जे मिळवलं, ते ही पोरगी तोंड उघडून मिळवणार होती. ते मला सहन झालं नाही. दुसरं कारण शोधून पाहिलं. शिस्त, संघभावना, वसतिगृहात ती टिकेल का याची काळजी. सगळं शोधलं. एकही कारण खरं नाही.

तिसऱ्या दिवशी मी तिच्या फॉर्मवर दृष्टिकोनाच्या रकान्यात दोन लिहिले. दहापैकी दोन.

साहेबांनी कागद पाहिला. "दो? खेल तो सबसे अच्छा है इसका."

"सर, टीम ख़राब कर देगी," मी म्हणाले.

त्यांनी पुढचा कागद घेतला. बस. कोणी माझ्यावर दबाव आणला नव्हता, कोणाचा फोन नव्हता. त्या खोलीत करुणाच्या विरुद्ध एकच माणूस होतं.

निकाल सांगायलाही मीच गेले. बापलेक कडुनिंबाखाली बसली होती. दृष्टिकोनात नापास झाली, असं सांगितलं असतं तर तिनं विचारलं असतं, मी काय केलं? मग मी काय सांगणार होते? म्हणून मी म्हणाले, "उंची कमी पडली. दीड सेंटीमीटर."

तिची उंची मी स्वतः मोजली होती. पुरेशी होती.

वडील उठून उभे राहिले. "मॅडम, वाढते ना वो उंची या वयात? काई उपाय असन तं सांगा."

आणि मी उपाय सांगितला! झाडाच्या फांदीला लटकायला सांगा म्हणाले, सकाळ-संध्याकाळ. पुढच्या वर्षी आणा. पुढच्या वर्षी तिचं वय बसणार नाही हे मला माहीत होतं. मला फक्त त्या घडीला तिथून निघायचं होतं. त्या माणसानं मला हात जोडले.

पुढच्या वर्षी ती आली. पहाटेची बस धरून, वडिलांबरोबर. कोणी सांगण्याआधी जाऊन भिंतीवरच्या पट्टीला पाठ लावून उभी राहिली, टाचा टेकवून. वर्षभर आंब्याच्या फांदीला लटकली होती. हात पुढे करून तिनं मला तळवे दाखवले. बोटांच्या मुळाशी घट्टे पडले होते, कुदळ चालवणाऱ्या माणसाच्या हाताला पडतात तसे. "दोन सेंटीमीटर वाढली मॅडम," ती म्हणाली.

मी रजिस्टर उघडलं, जन्मतारखेवर बोट ठेवलं. "वय बसत नाही आता."

मी वाट पाहत होते. ती विचारेल, मग मागच्या वर्षी काहून बोलावलं? विचारायलाच हवं होतं. ती पट्टीपासून बाजूला झाली, वडिलांच्या हातातली कागदांची पिशवी घेतली आणि म्हणाली, "ठीक आहे मॅडम." वडील माझ्याकडे पाहत राहिले, तिनंच त्यांना नेलं.

करुणाला दोन गुण दिले त्या वर्षी वसतिगृहात गेलेल्या दोघींपैकी एक सहा महिन्यांत परत आली. दुसरी खेळली बरी. दोघींनाही दृष्टिकोनात नऊ होते. नऊ मीच दिले होते.

यानंतर करुणा मला दिसली ती या हिवाळ्यात, बिरसाला. तालुक्याचे सामने होते. खेळाडूंच्या याद्यांच्या झेरॉक्स हव्या होत्या म्हणून एका दुकानात शिरले. मशीनवर तीच. आता सत्तावीस वर्षांची. तिनं मला लगेच ओळखलं. पदरानं स्टूल पुसून बसवलं, शेजारून चहा मागवला. लग्न होऊन इथे आली होती, दुकान तिचं आणि नवऱ्याचं. मी तिच्या वडिलांचं विचारलं. "आहेत. गुडघे गेले त्यायचे," म्हणाली. मशीनचा उजेड काचेखालून जात-येत होता.

दुकानाच्या मागून एक दहा-अकरा वर्षांची पोरगी आली. करुणाच्या मोठ्या दिराची. गुडघ्याला खरचटलेलं, केस कपाळावर. मी कोण ते करुणानं सांगितल्यावर ती थेट माझ्यासमोर येऊन उभी राहिली.

"मॅडम, तुमी पोरी निवडता ना? मंग कशा निवडता?"

करुणानं झटकन तिचा दंड धरला. "चूप. मॅडमले असं नाई विचारत. मोठ्यायले प्रश्न नाई विचारत. पाया पड."

पोरगी वाकली.

करुणा हे माझा मान राखायला म्हणाली असेल. त्या लहानीला जपायलाही म्हणाली असेल. पण फळ्यासमोर उभ्या राहिलेल्या त्या मुलीला हे कोणी शिकवलं? मी एक मुलगी खेळातून काढली, असं बारा वर्षं मनाशी म्हणत होते. तेवढंच केलं असतं तरी ते लहान होतं का? मी त्याहून जास्त केलं. आणि माझ्यासमोर ते गप्प राहणं, माझ्यापासून करुणाकडे आणि करुणाकडून आता तिसऱ्या पोरीपर्यंत पोचलं होतं.

तेव्हा तरी बोलायचं. म्हणायचं, विचारू दे तिला. म्हणायचं, करुणा, तुझी उंची बरोबर होती. एवढं एक वाक्य. दुकानात आम्ही तिघीच होतो.

मी त्या पोरीच्या डोक्यावर हात ठेवला. "गुणी आहे," म्हणाले. चहा संपवला, याद्या घेतल्या आणि मैदानावर गेले.

आणि त्यानंतर मी ते भाषण केलं. हो, त्यानंतर. बिरसाहून आल्यावर.

इथे काहीतरी बरं घडलं असं लिहायचा मोह होतोय. समितीचा राजीनामा दिला, परत बिरसाला गेले. तसं काही घडलेलं नाही. पुढची निवड चाचणी लागली आहे आणि फॉर्मचा गठ्ठा माझ्या टेबलावर आहे. करुणाला मी सांगितलेलं नाही. तुम्हाला सांगितलं, कारण तुमच्या समोर उभं राहावं लागत नाही.