डॅफ्नीचा उजवा हात

ऑस्ट्रेलियातल्या मूंटा गावच्या क्लेम ट्रेगेंझाला लोक घुमा म्हणत, आणि ते खोटं नव्हतं. घरात बोलायचं काम त्याच्या बायकोकडे, डॅफ्नीकडे होतं. दोघंही जन्मापासून बहिरे. लहानपणी ॲडलेडच्या शाळेत खुणा केल्या की मास्तर हातावर पट्टी मारायचे. तरी डॅफ्नी हात पाठीमागे धरून मागच्या बाकांना गोष्टी सांगायची. लग्नानंतर एकोणपन्नास वर्षं ती सांगतच राहिली. बहिऱ्यांच्या क्लबात ती उभी राहिली की लोक हातातले पत्ते खाली ठेवायचे. खाटकाची मिशी, पाद्र्याच्या बायकोची चाल, सगळं तिच्या दहा बोटांत होतं. क्लेम शेजारी बसून हसायचा, एवढंच.

मार्चमध्ये पेस्टीचं, म्हणजे मांस-बटाटा भरलेल्या मोठ्या करंजीचं, पीठ मळता मळता ती ओट्याशी कोसळली. मेंदूच्या डाव्या बाजूला गुठळी अडकली होती. जीव वाचला, पण उजवं अंग लुळं पडलं. पाय काठीच्या आधाराने चालू लागला. हात मात्र मांडीवर पडून राहिला. डाव्या हाताने ती एकच खूण करायची : बटाटा. तहान लागली, बटाटा. खिडकी लाव, बटाटा. मुलीचं नाव विचारलं, तरी बटाटा.

“उजवा हात गेलाय, म्हणून अडलंय,” क्लेम मुलीला, रोवेनाला, सांगायचा. “तू डाव्या हाताने सही करून बघ, काय होतं ते.”

रोवेनाला ऐकू यायचं, पण खुणा ती पाळण्यातच शिकली होती. ऑगस्टमध्ये तिनेच आईचं नाव ॲडलेडच्या इस्पितळातल्या नव्या उपचाराच्या एका प्रयोगात घातलं आणि दोघांना आपल्या घरी राहायला आणलं.

डॉक्टर व्रानिच समजावून सांगत होत्या आणि बेथनी नावाची दुभाषी ते खुणांनी सांगत होती. “डोक्यावर तारांचं एक वेटोळं धरतो. त्यातून चुंबकाचे ठोके मेंदूपर्यंत जातात. हात हलवणारा भाग जागा करायचा, आणि लगेच हाताला व्यायाम द्यायचा. पण हे हातासाठी आहे. भाषेचा भाग वेगळा असतो आणि त्यालाही मार बसलाय. तिथलं मी काही कबूल करत नाही.”

क्लेमने खिडकीकडे बघत मान डोलावली.

यंत्र फार कडकडतं, म्हणून पहिल्या दिवशी डॅफ्नीला कानात घालायला पिवळे बोळे दिले.

“आमच्या कानांचं आणखी काय बिघडणार?” क्लेमने विचारलं.

“नियम आहे,” डॉक्टर म्हणाल्या.

डॅफ्नीने बोळ्यांकडे पाहिलं आणि तिचे खांदे हसून हसून गदगदायला लागले. मार्चनंतर ती पहिल्यांदाच हसली होती.

वेटोळं नेमक्या जागी आलं तसा तिचा अंगठा टुणकन उडाला. क्लेम खुर्चीवरून उठला. “हलला. बघितलंत?”

“ठोक्याने हलला. तिने अजून हलवलेला नाही.”

दुसऱ्या आठवड्यात तिने हलवला. फळीवरच्या भोकांत लाकडी खुंट्या बसवायच्या होत्या. पहिल्या दिवशी एकही जमली नव्हती. पंधराव्या दिवशी अकरा जमल्या. डॉक्टरांचा चेहरा फुलला. “इतकं फार थोड्यांना मिळतं,” त्या म्हणाल्या.

संध्याकाळी रोवेनाच्या स्वयंपाकघरात क्लेम डॅफ्नीसमोर खुर्ची ओढून बसला. “माझं नाव सांग.”

त्याच्या नावाची खूण तिनेच पाडली होती : अंगठ्याच्या नखावर मूठ आपटायची. शाळेत सुतारकामाच्या पहिल्याच तासाला त्याने हातोडी नखावर मारून घेतली होती.

डॅफ्नीने उजवा हात उचलला. सावकाश, पण छातीपर्यंत. बोटं उघडली, मिटली. मग त्या हाताने तिने नीटनेटका बटाटा केला.

क्लेमने मान हलवली आणि खूण करून दाखवली. तिने ती अनोळखी माणसाकडे बघावं तशी पाहिली. पुन्हा बटाटा केला, या वेळी जोरात. मग तिच्या कपाळावर आठी चढली. आपण इतकं स्पष्ट सांगतोय आणि या माणसाला कळत कसं नाही, असा तिचा राग होता.

“बाबा, पुरे,” रोवेना म्हणाली.

“हात आलाय तिचा.”

“हात आलाय. बोलणं नाही आलं. डॉक्टरांनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं.”

“मला नाही सांगितलं कुणी.”

“बेथनीने दोनदा सांगितलं. तुम्ही खिडकीकडे बघत होतात.”

क्लेमने आपले हात खिशात घातले. त्या दिवशी ते पुन्हा बाहेर आले नाहीत.

दोघं मूंटाला परतले. क्लेम रोज खुंट्यांची फळी पुढे ठेवायचा आणि डॅफ्नी ती ढकलून द्यायची. नोव्हेंबरच्या तपासणीत चारच खुंट्या बसल्या.

“पुन्हा ठोके देता येतील?” क्लेमने विचारलं.

“या प्रयोगात नाही,” डॉक्टर म्हणाल्या.

क्लबातली माणसं सुरुवातीला यायची. डॅफ्नीला त्यांचं कळेना, त्यांना तिचं; मग ती माणसं क्लेमशी बोलायची, आणि क्लेम ‘बरं आहे’ म्हणून थांबायचा. हळूहळू येणं बंद झालं.

जानेवारीत रोवेना आली तेव्हा दोघं समोरासमोर बसलेले होते. डॅफ्नी आता बटाटाही फारसा करत नव्हती.

“तिच्याशी बोलत का नाही तुम्ही?”

“काय बोलू?” क्लेम म्हणाला. “कुठे काय झालं, ते तीच मला सांगायची.”

रोवेनाने कंगवा आणला आणि आईचे केस विंचरायला घेतले.